लिंटरच्या नियमांना कारणं जोडताना: प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२५

२ जून, सोमवार

लिंटरच्या, म्हणजे कोडमधल्या चुका आणि वाईट सवयी शोधणाऱ्या टूलच्या, नियमांना कारणं जोडायचं काम आजपासून वेगळं धरलं. आमचं सॉफ्टवेअर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या काही गाळ्यांवर चालतं: आवक नोंदवणं, काट्यावरचं वजन, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी), खरेदीदाराचं बिल. मागची बाजू पायथनमध्ये आहे, गाळ्यावरची स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये. पायथनवर रफ हा लिंटर चालतो, जावास्क्रिप्टवर ईएसलिंट. दोन्ही प्रत्येक मर्ज रिक्वेस्टवर (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या विनंतीवर) धावतात आणि नियम मोडला असेल तर मर्ज अडवतात.

अडवतात खरे, पण रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, 'नोक्यूए' (ही ओळ तपासू नका असं लिंटरला सांगणारी कॉमेंट) शोधलं तर जागोजागी ओळीच्या शेवटी नुसतं तेवढंच लिहिलेलं सापडतं. कोणता नियम गप्प केला हेही नाही, का केला हेही नाही. विचारलं की उत्तर येतं, "बिल्ड लाल होत होतं." मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. टूल काय सांगतं? अमुक कोड, अमुक ओळ, असं करू नका. हा हुकूम झाला. कारण न कळलेला हुकूम माणूस पाळतो तो वेळ असेपर्यंत. संध्याकाळी सहाला रिलीज असेल तर पळवाट एका कॉमेंटवर आहे.

रफच्या दस्तऐवजात बहुतेक नियमांखाली 'हे वाईट का' असा भाग असतो. रस्ट भाषेच्या क्लिपी या लिंटरमध्येही असतो. लिहिलेलं नेमकं असतं, पण उदाहरणं कुणाच्याच कोडमधली नसतात. म्हणून ठरवलं: आपण चालू ठेवलेल्या प्रत्येक नियमाला आपल्या कोडमधलं उदाहरण घेऊन मराठीत एक परिच्छेद. मोडला तर काय बिघडतं, कोणाचं बिघडतं, आणि मोडलेला कधी चालतो. शेवटचा भाग नसेल तर परिच्छेद पुरा धरायचा नाही. नियम कुठे लागू होत नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याला तो कशासाठी आहे हेही नीट माहीत नसतं.

यंत्रणा साधी ठेवली. रफचा निकाल जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या साच्यात) घ्यायचा, नियमाच्या कोडवरून मजकूर शोधायचा आणि मूळ संदेशाखाली छापायचा. ईएसलिंटला निकाल छापणारा स्वतःचा फॉरमॅटर देता येतो, तिथे तेच करायचं.

५ जून, गुरुवार

पहिला नियम बी००६: फंक्शनच्या डीफॉल्टमध्ये बदलता येणारी वस्तू नको. सुरुवात याच्यापासून केली, कारण हा मोडला तर थेट पैशांत दिसतं.

फंक्शनची पहिली ओळ अशी समजा: पट्टी_बनव(शेतकरी, माल, वजावट=[]). आत वजावटीच्या यादीत हमाली आणि तोलाई जोडली जाते. वाचणाऱ्याला वाटतं, वजावट दिली नाही तर दर वेळी नवी रिकामी यादी मिळेल. पायथन तसं करत नाही. डीफॉल्ट किंमत फंक्शन व्याख्येच्या वेळी एकदाच तयार होते आणि पुढच्या सगळ्या हाकांना तीच यादी मिळते. पहिल्या शेतकऱ्याची हमाली १२० आणि तोलाई ४०. पट्टी बरोबर येते. दुसऱ्याची हमाली ९०, तोलाई ३०. कापले जायला हवेत १२०, पण यादीत आधीचे १६० अजून बसलेले आहेत, म्हणून कापले जातात २८०. तिसऱ्याच्या पट्टीत पहिल्या दोघांचीही हमाली.

परिच्छेदात एक गोष्ट मुद्दाम घातली: ही चूक टेस्टमध्ये का सापडत नाही. टेस्ट सहसा एकच पट्टी बनवते, आणि प्रत्येक रनला प्रोसेस नवी असते, यादी रिकामी असते. सर्व्हरवर चार वर्कर असतील तर प्रत्येकाची यादी वेगळी, म्हणून चूक कधी दिसते, कधी नाही. सेवा रीस्टार्ट केली की गायब. 'रीस्टार्ट केल्यावर सुटलं' अशी नोंद करून तिकीट बंद होतं आणि शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी राहते. 'बदलता येणारा डीफॉल्ट वापरू नका' या वाक्यात यातलं काहीही नाही.

मोडलेला कधी चालतो: फंक्शन ती यादी फक्त वाचत असेल तर अपाय नाही. पण मग टपल (न बदलणारी यादी) का नको? टपल बदलताच येत नाही, नियमही गप्प राहतो. यादीच हवी असेल तर डीफॉल्ट नन ('काहीच नाही') ठेवायचा आणि आत नवी यादी बनवायची.

१० जून, मंगळवार

ई७२२, नुसतं एक्सेप्ट: कोणती चूक पकडायची हे न सांगता सगळ्याच पकडणं. काट्याकडून सिरियल पोर्टवर वजन वाचणारी आमची एक स्क्रिप्ट लूपमध्ये चालते. ट्रायच्या आत वाचन, खाली एक्सेप्ट, त्यात पास, म्हणजे काहीच करू नका. उद्देश चांगला: एखादं वाचन बिघडलं तर पुढचं घ्यावं.

पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिट हे प्रोग्रॅम थांबवणारे दोन अपवाद एक्सेप्शनच्या, म्हणजे नेहमीच्या चुकांच्या गटाच्या, खाली नाहीत. ते थेट बेसएक्सेप्शनखाली आहेत. हेतू हाच की 'सगळ्या चुका पकडा' म्हणणाऱ्या कोडने प्रोग्रॅम थांबवण्याची विनंती गिळू नये. नुसतं एक्सेप्ट हे दोन्ही गिळतं. वाचन चालू असताना कंट्रोल-सी दाबलं की स्क्रिप्ट थांबत नाही, पुढच्या फेरीला लागते.

पण खरा धोका मला दुसरा वाटतो आणि परिच्छेदात तो आधी लिहिला. ट्रायच्या आत एखाद्या व्हेरिएबलचं नाव चुकलं तर नेमएरर येते. तीही गिळली जाते. वजनाची किंमत जुनीच राहते आणि स्क्रीनवर मागच्या लॉटचं वजन दिसत राहतं. लॉगमध्ये ओळ नाही, गाळ्यावरच्या माणसाला शंका नाही. काटा बरोबर, आकडा चुकीचा. इथे 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहूनही भागत नाही, कारण नेमएरर त्यातही पकडली जाते. पोर्टवरून येणारी नेमकी चूक नावाने पकडायला हवी.

कधी चालतं, हे पेप ८ मध्येच (पायथन कसं लिहावं याच्या अधिकृत दस्तऐवजात) आहे: चूक लॉगमध्ये पूर्ण लिहिली जात असेल, किंवा आवराआवर करून तीच चूक पुन्हा वर फेकली जात असेल. दोन्ही मजकुरात घेतलं.

१३ जून, शुक्रवार

ओळीची लांबी. यावर टीममध्ये सगळ्यात जास्त वाद होतात आणि सगळ्यात कमी माहितीनिशी.

पेप ८ हा २००१ चा. मर्यादा ७९ अक्षरं, कॉमेंट आणि डॉकस्ट्रिंगला ७२. हा आकडा ८० रकान्यांच्या टर्मिनलवरून आला. १९७८ चं व्हीटी१०० हे ८० रकान्यांचं, आणि त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, आयबीएमने ८० रकान्यांचं पंच कार्ड आणलं होतं. "म्हणजे कार्ड गेली, नियम राहिला," असं आज एकजण म्हणाला. इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. पेप ८ स्वतः जे कारण देतो ते आजही लागू आहे: दोन फाइली शेजारी शेजारी उघडता याव्यात, रिव्ह्यूच्या स्क्रीनवर जुनं आणि नवं आडवं न सरकवता दिसावं. शिवाय टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जायला तोच दस्तऐवज परवानगी देतो. ब्लॅक हा पायथनचा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारं टूल) ८८ धरतो. आकडा पवित्र नाही. मर्यादा असणं उपयोगी आहे.

आमच्याकडे एक जास्तीची अडचण आहे, जी इंग्रजी दस्तऐवजात कुणी लिहिणार नाही. आमच्या कॉमेंट मराठीत असतात. पायकोडस्टाइल हे पेप ८ तपासणारं टूल ओळीतले युनिकोड कोडपॉइंट, म्हणजे संगणक वेगळं धरतो ते प्रत्येक चिन्ह, मोजतं. 'किंमत' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा. त्याच्या हिशेबात पाच, कारण वेलांटी आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'क्षेत्र' डोळ्याला दोन, हिशेबात क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असे सात. म्हणजे स्क्रीनवर अर्धी भरलेली मराठी कॉमेंट नियमाला लांब वाटते. नियमाचं कारण जर 'स्क्रीनवर मावावं' हे असेल, तर इथे नियम स्वतःच्या कारणाविरुद्ध वागतोय. हे माहीत असलं की निर्णय सोपा होतो: कोडला ९९, मराठी कॉमेंटमुळे लांबलेल्या ओळीला सूट.

याच नोंदीतून नियमांचे प्रकार पडले. बी००६ मोडला तर हिशेब चुकतो. ओळ लांबली तर वाचणारा अडखळतो. काही नियम मात्र फक्त सगळ्यांनी एकसारखं लिहावं म्हणून आहेत. प्रत्येक मजकुराच्या सुरुवातीला शिक्का मारायचा: चूक, वाचन, किंवा ठराव. तिन्ही एकाच लाल रंगात येतात, म्हणून लोक तिन्हींना एकच किंमत देतात, आणि ती किंमत सगळ्यात हलक्या नियमावरून ठरते.

१७ जून, मंगळवार

ईएसलिंटचा इक्यूइक्यूइक्यू: दोन बरोबर-चिन्हांऐवजी तीन वापरा. शिक्का: चूक.

नेहमीची उदाहरणं रिकाम्या ॲरेची असतात आणि ती ऐकून नवीन मुलं म्हणतात, असं कोण लिहितं? आमचं उदाहरण फॉर्ममधलं. वजनाचा रकाना भरलाच नाही तर जावास्क्रिप्टला मिळते रिकामी स्ट्रिंग. ती दोन चिन्हांनी ० शी ताडली तर उत्तर 'खरं' येतं, कारण तुलनेआधी रिकाम्या स्ट्रिंगचा आकडा केला जातो आणि तो ० होतो. वजन शून्य नोंदवलं आणि वजन टाकायचं राहिलं, या दोन गोष्टी एक झाल्या. यार्डात त्या एक नाहीत: पहिल्यात लॉट रद्द, दुसऱ्यात हमाल अजून काट्यावर उभा आहे. तीन चिन्हं प्रकार बदलत नाहीत, म्हणून फरक टिकतो.

अपवाद: दोन चिन्हांनी नलशी केलेली तुलना नल आणि अनडिफाइन्ड ('किंमत नाही' सांगण्याचे जावास्क्रिप्टचे दोन प्रकार) दोन्ही पकडते, आणि पुष्कळदा तेच हवं असतं. या नियमाला तेवढी सूट देणारा पर्याय आहे. तो चालू केला.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, सगळे घरून. थोडंच झालं.

इफनंतर महिरपी कंस हवेतच या नियमाला उदाहरण शोधण्याची गरज नव्हती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने जी दुरुस्ती घाईने सोडली, तिच्यामागे 'गोटू फेल' ही ओळ दोनदा आली होती. वरच्या इफला कंस नव्हते. पहिली ओळ इफची, दुसरी कुणाचीच नाही, म्हणून नेहमी चालणारी. पुढची सही-तपासणी गाठलीच जात नव्हती आणि जोडणी सुरक्षित समजली जात होती. दुसरी ओळ आत सरकवलेली असल्याने डोळ्याला ती इफखालची वाटते. २०१६ च्या जीसीसी ६ या सी भाषेच्या कंपायलरमध्ये फसव्या इंडेंटेशनवर इशारा देण्याची सोय आली. कंस असते तर जास्तीची ओळ बहुधा कंसात पडून निरुपद्रवी झाली असती. 'बहुधा' हा शब्द मजकुरात ठेवला. नियमाची ताकद फुगवून सांगायची नाही.

२४ जून, मंगळवार

आजचा नियम माझ्या मते या सगळ्या यादीतला मराठी प्रोग्रॅमरसाठी सर्वात महत्त्वाचा, आणि ओळखीचा जवळजवळ कुणालाच नाही. ईएसलिंटचा नो-मिसलीडिंग-कॅरेक्टर-क्लास. शिफारशीच्या संचात असतो, त्यामुळे आमच्याकडे चालू होताच. एका ठिकाणी गप्प केलेला सापडला.

गावाच्या नावामागचा प्रत्यय काढायला रेजेक्समध्ये (मजकुरातला साचा शोधायच्या सूत्रात) चौकोनी कंसात लिहिलं होतं: [चाचीचे], आणि पुढे शब्दाचा शेवट. लिहिणाऱ्याच्या मनात तीन अक्षरं: चा, ची, चे. पण चौकोनी कंस म्हणजे यातलं कोणतंही एक कॅरेक्टर, आणि रेजेक्ससाठी 'ची' हे एक कॅरेक्टर नाहीच. तो च आणि दीर्घ वेलांटी असे दोन धरतो. म्हणजे कंसात खरं तर च, काना, वेलांटी आणि मात्रा असे चार सुटे पर्याय आहेत. आता 'वाकडी' हे गाव या रेजेक्समधून काढा. शेवटची वेलांटी जुळते, ती उडते, आणि उरतं 'वाकड'. हिंजवडीच्या रस्त्यावरचं वाकड. वेगळं गाव, आणि चूक दिसणार नाही, कारण निकालही खरंच गाव आहे. 'मंचर' सुटतं, 'शिक्रापूर' सुटतं, म्हणून चाचणीत सगळं हिरवं.

ईएसलिंटच्या पानावर याची उदाहरणं इमोजीची आणि उच्चारचिन्ह लावलेल्या रोमन अक्षरांची आहेत. ती वाचून कुणालाही वाटेल, आपण इमोजी वापरत नाही, आपल्याला काय. आणि आपल्या तर जवळपास प्रत्येक शब्दात मात्रा आहे. परिच्छेदात वाकडी-वाकड तसंच घातलं, आणि दुरुस्ती: चौकोनी कंस सोडा, साध्या कंसात उभ्या रेघेने पर्याय लिहा, चा|ची|चे. या नियमाला अपवाद लिहिला तो एकच: सुटी मात्राच शोधायची असेल तर ती युनिकोडच्या आकड्याने लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला हेतू कळेल.

२७ जून, शुक्रवार

ठराव या शिक्क्याखालचे नियम. दुहेरी अवतरण की एकेरी, शेवटचा स्वल्पविराम, मोकळ्या ओळी.

मसुद्यात एकाने दुहेरी अवतरणाचं कारण लिहिलं होतं, "वाचायला सोपं जातं." काढायला लावलं. ब्लॅकच्या दस्तऐवजात दिलेलं एक कारण असं की इंग्रजी मजकुरातल्या ॲपॉस्ट्रॉफीशी टक्कर होत नाही. आमच्या स्ट्रिंग मराठी, तिथे ॲपॉस्ट्रॉफी नाही. मग आमच्यासाठी खरं कारण उरतं ते 'एक काहीतरी ठरवलं, आता यावर रिव्ह्यूमध्ये वेळ घालवू नये', आणि ते पुरेसं आहे. तेच लिहायचं. ठरावाला खोटं तांत्रिक कारण चिकटवलं की वाचणारा ते पकडतो, आणि मग बी००६ च्या कारणावरचाही त्याचा विश्वास जातो.

शेवटच्या स्वल्पविरामाला मात्र कारण आहे: यादीत नवी ओळ घातली तर रिव्ह्यूमध्ये दिसणाऱ्या जुन्या-नव्या कोडच्या फरकात एकच ओळ दिसते, आधीची ओळ उगाच बदललेली दिसत नाही. त्याचा शिक्का वाचन केला.

रचनेचे बाकी नियम लिंटरमधून काढून फॉरमॅटरकडे दिले. ईएसलिंटनेही २०२३ मध्ये ८.५३.० या आवृत्तीत रचनेचे आपले नियम मोडीत काढले. जे यंत्र स्वतः नीट करू शकतं, त्यासाठी माणसाला अडवून कारण सांगत बसण्यात अर्थ नाही.

ज्यांचं कारण टीममधल्या कुणालाच सांगता आलं नाही आणि दस्तऐवजातही पटण्यासारखं मिळालं नाही, ते नियम आज बंद केले. कुणीतरी पूर्वी दुसऱ्या प्रकल्पातून कॉन्फिग उचलताना ते आले होते.

२ जुलै, बुधवार

सी९०१, फंक्शनची गुंतागुंत. मोजमाप मॅकेबचं, १९७६ चं. रफचा डीफॉल्ट १०. आकडा म्हणजे फंक्शनमधल्या स्वतंत्र वाटा, म्हणजेच प्रत्येक वाट तपासायची तर निदान इतक्या टेस्ट. हे कारण सगळ्यांना लगेच पटतं.

वाद झाला तो मालाप्रमाणे पॅकिंग ठरवणाऱ्या फंक्शनवर. टोमॅटो क्रेट, कांदा गोणी, डाळिंब पेटी, कोथिंबीर जुडी, असे सरळ एकाखाली एक इफ. आकडा १० च्या बराच वर, पण वरून खाली वाचत गेलं की संपलं. याउलट चार पातळ्या आत गेलेलं छोटं फंक्शन आकड्याने पास होतं आणि वाचताना डोकं धरायला लावतं. मॅकेबचं माप खोली बघत नाही, फक्त फाटे मोजतं. आमच्यातल्या ज्येष्ठांचं म्हणणं, पॅकिंगचं फंक्शन डिक्शनरीत (माल आणि त्याचं पॅकिंग अशा जोड्यांच्या तक्त्यात) बदलावं. तसं केलं, आणि ते खरंच सुधारलं. पण मजकुरात लिहिलं की सपाट इफच्या रांगेसाठी नियम कारणासह गप्प केलेला चालेल.

'कारणासह' हे आता यंत्रणाच तपासते. कोड नसलेलं नोक्यूए रफच्या पीजीएच००४ ने अडतं. गरज संपलेलं नोक्यूए आरयूएफ१०० दाखवतो. कोडपुढे कारणाचं वाक्य आहे की नाही हे बघायला छोटी स्क्रिप्ट लिहिली.

८ जुलै, मंगळवार

जानेवारीत रुजू झालेल्या मुलीने विचारलं, "मॅम, डीटीझेड००५ चं मी लिहू का?" तिने लिहिलेलं जवळपास जसंच्या तसं घेतलं.

नियम असा: टाइमझोन न देता आत्ताची वेळ घेऊ नका. तिचा मजकूर: सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे, आपण साडेपाच तास पुढे. भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच येतात. पहाटे चार वाजता नोंदवलेल्या आवकेच्या वेळी सर्व्हरच्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेदहा असतात. टाइमझोन न देता तारीख काढली तर आवक कालच्या दिवसात पडते. साडेपाचनंतरच्या नोंदी बरोबर तारखेला जातात, म्हणजे एकाच पहाटेची आवक दोन दिवसांत विभागली जाते आणि दोन्ही दिवसांची बेरीज चुकते. विकासकाचा लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, म्हणून त्याला हे कधीच दिसत नाही. आणि तो पहाटे चारला टेस्टही चालवत नाही.

दुरुस्ती: वेळ यूटीसीमध्येच साठवा, पण झोन लिहून, दिवस काढताना झोनइन्फो या पायथनच्या मॉड्यूलने एशिया/कोलकाता मध्ये बदला. झोनइन्फो पायथन ३.९ पासून सोबतच येतं, वेगळी लायब्ररी नको.

'कधी चालतं' हा भाग तिने रिकामा ठेवला होता आणि विचारायला आली होती. दोन क्षणांमधलं अंतर मोजायचं असेल तर? असं मी सुचवलं. तिने ते मान्य केलं नाही: अंतर मोजायला मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ आहे, भिंतीवरचं घड्याळ मध्येच दुरुस्त झालं तर अंतर उणेही येऊ शकतं. बरोबर आहे. तिथे 'आमच्या कोडमध्ये अपवाद आढळला नाही' असं लिहिलं. शिक्का: चूक.

डीटीझेड गटातले उरलेले नियम तिच्याकडे दिले. ईएसलिंटच्या प्रॉमिसशी संबंधित नियमांचे मजकूर अजून बाकी आहेत. ते पुढच्या आठवड्यात, पावती प्रिंटिंगचं रिलीज झाल्यावर.